व्हर्लिनचं 'तसं बरं चाललंय'

व्हर्लिन हाउगस्टाडने एकाहत्तर वर्षांत कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. मिनेसोटात हे काही विशेष नाही, पण व्हर्लिन आमच्यातही जरा जास्तच. दुधाचा टँकर चालवत होता तेव्हा एकदा पाय मोडला, तर डॉक्टरांना म्हणाला, "दुसरा छान आहे."

त्यामुळे घरावर सोलर पॅनल बसवून महिना झाल्यावर कंपनीचा माणूस फॉर्म घेऊन आला, आणि "पॅनल कशी चालतात?" असा प्रश्न समोर आला, तेव्हा व्हर्लिनने लिहिलं, 'तसं बरं चाललंय.' पॅनल खरं तर सुरूच झाली नव्हती. पुढे कंपनी बुडाली, आणि छपराला पाडलेल्या भोकांतून बर्फाचं पाणी लॅव्हॉनच्या, म्हणजे बायकोच्या, शिवणखोलीत गळू लागलं.

मार्चमध्ये तो टॅक्सचे कागद घेऊन लायब्ररीत गेला. म्हाताऱ्यांचे फॉर्म फुकट भरून द्यायला तिथे आर्डिस क्वाम बसायच्या. चौथीतल्या त्याच्या बाई.

"अठ्ठावीस हजार डॉलर घातलेस. गेल्या वर्षात पॅनल सुरू झाली असतील तर आठ हजार चारशेची सूट."

व्हर्लिनला त्या पैशांत नवं छप्परच दिसलं. "आणि नसतील झाली तर?"

"तर काही नाही. बुडालेल्या पैशावर सूट नाही, पॅनल उतरवायच्या खर्चावर नाही, गळतीवरही नाही." बाईंनी कंपनीच्या त्या फॉर्मची प्रत चष्म्यापाशी नेली. "पण इथे तुझ्याच अक्षरात आहे, बरं चाललंय म्हणून."

आता सूट मिळवायला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर तो तरबेज.

"बाई, तो माणूस एवढ्या थंडीत आला होता हो. त्याला वाईट वाटलं असतं."

"किती दिवस चालली?"

"तशी... फार नाही."

"व्हर्लिन!" आवाज थेट चौथीतला.

"एकही दिवस नाही, बाई! साधा दिवा लागला नाही. फसवलं मला त्यांनी! आणि लॅव्हॉनच्या मशीनच्या जागी बादली ठेवलीय!"

सगळी लायब्ररी वळून बघू लागली. व्हर्लिनचे कान लाल झाले. बाईंनी शांतपणे सवलतीच्या रकान्यात शून्य घातलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

"आता जे बोललास तेच लिही. राज्याच्या तक्रार खात्याला. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण लिही."

त्याने लिहिलं. अगदी बादलीसकट. फक्त शेवटी राहवेना, म्हणून घातलं, 'आपल्याला त्रास दिल्याबद्दल माफी असावी.'

तेवढी ओळ बाईंनी लाल पेनाने खोडली.