अर्थिंगच्या तारेला जाळ्याची गाठ

सरावली गावात घरामागच्या शेडमध्ये मी लाकडी चौकटींचे कोपरे तिरके कापायला विजेची करवत बसवली, तेव्हापासून शॉकच्या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नसे. अर्थिंगसाठी मीठ-कोळशाचा खड्डा केला होता आणि तिथून मशीनपर्यंत उघडी तार आणली होती. रोज उठून मी खड्ड्यात पाणी ओतायचो, तारेच्या दोन्ही टोकांचे नट आवळायचो. तरी मन मानत नसे.

एका दुपारी मशीनला हात लागताच झिणझिण्या आल्या. मेन स्विच बंद करून मी तारेमागे धावलो. ती मधेच तुटली होती आणि कोणीतरी मासेमारीच्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने घट्ट बांधली होती.

"सकाली तुटलेली दिसली, मीच बांदली," मागून आलेले वडील अभिमानाने म्हणाले. मुरब्याच्या किनाऱ्यावर त्यांनी जन्मभर मासेमारीची होडी चालवली होती. "वादलात पन सुटनार नाय."

"बाबा, नायलॉनातून करंट जात नाय!" मी अंगावर धावून गेल्यासारखा ओरडलो. "आत्ता मेलो असतो मी!"

ते तारेजवळ गेले. खाली बसून गाठ सोडायला लागले. पण नजर सारखी माझ्याकडे वळत होती, आणि स्वतःचीच गाठ त्यांना सुटेना.