एक ठेवायचा, दोन पाडायचे

जगात नजर असलेला माणूस आपण एकटेच, बाकी सगळे नुसते डोळे असलेले, अशी त्याची ठाम समजूत होती. वेबसाइट, बोधचिन्हं, पत्रकं, असं सगळं तो घरी बसून करायचा. बंद करून घेतलेल्या गॅलरीत त्याचं टेबल होतं, त्यावर संगणकाचे दोन पडदे, आणि एक फिरती खुर्ची. तिच्यावर दुसरं कुणी टेकलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. गॅलरीच्या एका कोपऱ्यात आईची कपडे वाळत घालायची दोरी मात्र शिल्लक होती. आई ओले टॉवेल घेऊन आली की "साहेब, जरा मान खाली घाला," म्हणायची, आणि साहेब मान घालायचे.

लोकांना तुच्छ लेखायची ही खोड त्याला वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात लागली. कॉलेजला असताना तो तिथल्या संगणकावर व्हिजिटिंग कार्डं जुळवून द्यायचा. गिऱ्हाईक मागे उभं राहून खांद्यावरून बोट दाखवणार, "नाव मोठं करा. अजून मोठं. आता पत्ता पण तेवढाच करा." सगळंच मोठं केल्यावर मोठं काय उरलं, हा प्रश्न त्याला तेव्हापासून छळत असे. प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर शोधण्याऐवजी त्याने माणसांनाच नावं ठेवायला सुरुवात केली. फरशीवाला म्हणजे 'अजून थोडं मोठं', व्यायामशाळेचा मालक म्हणजे 'आग दाखवा आग', दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणजे 'माझ्या पुतणीला विचारते'.

पुढे इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून तो एका जाहिरात कंपनीत लागला. तिथल्या वरिष्ठाने त्याला धंद्याची एक खुबी शिकवली. गिऱ्हाइकाला नेहमी तीन नमुने दाखवायचे. एक खरा, आपल्याला हवा तो. दोन पाडायचे, म्हणजे मुद्दाम इतके वाईट करायचे की गिऱ्हाईक आपण होऊन खऱ्यावर बोट ठेवेल आणि वर आपणच निवडलं म्हणून खूश होईल. नोकरी सोडून स्वतंत्र झाल्यावर त्याने ही खुबी तेवढी बरोबर आणली. स्वतःच्या वेबसाइटवर मात्र त्याने ठसठशीत लिहून ठेवलं होतं, 'मी आधी तुम्हाला समजून घेतो.'

घरात त्याच्या कामाला काम म्हणणारी एकटी ताई. वडील, म्हणजे अप्पा, त्याला अजूनही "कॉम्प्युटरवर काहीतरी करतो" असं म्हणत, आई "घरीच असतो" म्हणे. कॉलेज सोडलं तेव्हा वडिलांसमोर उभी राहून भांडली ती ताईच. तो बाहेर कुणाला जुमानत नसे, पण ताईच्या तोंडून "छान झालंय रे" ऐकल्याशिवाय त्याला स्वतःचं काम पुरं झाल्यासारखं वाटत नसे. हे त्याने कधी कबूल केलं नसतं.

ताई कानांची तपासणी करणारी. बरीच वर्षं इस्पितळात नोकरी करून तिने आता स्वतःचा गाळा घेतला होता. कान तपासायचे, श्रवणयंत्रं बसवून द्यायची. वेबसाइट भावाकडूनच करून घ्यायची हे तिने न विचारताच ठरवलं होतं. फोनवर ती त्याला भरभरून सांगत राहिली आणि तो "हं, हं" करत एका रेघेचा बाक सुधारत राहिला.

ती रेघ म्हणजे त्याचा खरा नमुना. गडद निळं पान, मधोमध आवाजाच्या लाटेची एक बारीक रेघ, आणि खाली केसासारख्या अक्षरांत दोनच शब्द: 'ध्वनी. पुन्हा.' दुसरा नमुना करड्या रंगाचा, सरकारी परिपत्रकासारखा मेलेला. आणि तिसरा करताना त्याला भलताच चेव आला. पिवळाधमक रंग. पांढऱ्या कोटातली, दात दाखवून हसणारी ताई. बाण काढलेला एक भला मोठा कान. तळहाताएवढा फोन नंबर, तोही मनाला येतील ते आकडे घालून. आणि सगळ्यांत वर, फोनवरचं ताईचंच वाक्य जसंच्या तसं: 'चष्मा लागला की लपवता का? मग हे का लपवता?' ते टाकून तो एकटाच खो खो हसला होता.

ठरल्या दुपारी ताई आली आणि सरळ फिरत्या खुर्चीत बसली. त्याने गिळून टाकलं. आईही टॉवेल घेऊन मागे उभी राहिली.

"हा पहिला," तो म्हणाला.

"पडदा फुटलाय का रे?" आईने विचारलं. "चीर गेलीय मधून."

"आई, ती लाट आहे. आवाजाची."

"असेल बाबा."

ताईने पुढचा दाखव अशी हाताने खूण केली. दुसऱ्यालाही तीच खूण. तिसरा आला आणि ती पुढे सरकली. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"कलाकारा, अरे हे माझं बोलणं! मला वाटत होतं तू नुसता हं हं करतोयस. आई, बघ, अगदी मी रोज सांगते तसं लिहिलंय यानं. हाच घ्यायचा."

"अगं, पहिला नीट बघ ना," तो कासावीस होऊन म्हणाला.

"बघितला. अत्तराचं दुकान वाटतं. आणि ती अक्षरं कुठल्या म्हाताऱ्याला दिसणार आहेत? हा छान झालाय रे, खरंच."

जे ऐकायला त्याचे कान आसुसलेले असायचे ते नेमकं त्या पिवळ्या भुताला मिळालं. त्याचा तोल गेला.

"ताई, तो पाडायला केलाय! असलं कुणी घेतं का?"

"पाडायला म्हणजे?"

तिथेही गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण त्याने सगळी खुबी समजावून सांगितली, जरा अभिमानानेच. खरा एक, पाडायचे दोन. सगळ्यांना असंच दाखवतो. लोकांना काही कळत नाही गं.

ताईने पडद्यावरचे स्वतःचे दात पुन्हा एकदा नीट बघितले.

"म्हणजे ही माझी टिंगल होती," ताई म्हणाली. "आणि मी बावळट, डोळे पुसत बसले."

"तुझी नाही गं, तसलं सगळं..."

"माझाच फोटो आहे ना हा? वाक्यही माझंच." ती उठली, खुर्ची गरकन फिरली. "अप्पांशी भांडताना मी छातीठोक सांगितलं होतं, त्याला कामाची चाड आहे म्हणून. कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून करून घेते. तो निदान 'किती मोठं करू' एवढं तरी विचारतो."

आई दोघांकडे बघून आत निघून गेली. ताईने दाराशी जाऊन चपला घातल्या. तो पडद्याकडे बघत राहिला. थट्टेत रंग बटबटीत फासायला पाच मिनिटं पुरली होती. पण हेच खरं उभं करायचं तर? नंबर खोटा, कान कुठून तरी उचललेला, बटण दाबलं तर कुठेच जात नाही. आणि त्या ढब्बू नंबराकडे बघता बघता त्याला एक साधी गोष्ट सुचली. ती सुचायला इतका उशीर व्हावा याची त्याला आयुष्यात प्रथमच शरम वाटली.

"ताई," तो दाराकडे धावत म्हणाला, "ज्यांना ऐकूच येत नाही ते फोन कसा करतात?"

तिने कडीवरचा हात काढला नाही.

"करत नाहीत, येडबंबू. सुना करतात, लेकी करतात. म्हातारा शेजारी बसून 'मला काही झालेलं नाही' म्हणून ओरडत असतो."

"मग पान त्या सुनेसाठी हवं."

"आत्ता उजेड पडला!"

"आणि म्हातारा तिच्या खांद्यावरून बघणारच. त्याला काय दिसायला हवं?"

ताईने त्याच्याकडे नखशिखान्त बघितलं, दुकानात माल नाकारायच्या आधी बघतात तसं. मग एक चप्पल काढली. दुसरी पायातच ठेवून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "लिहून घे. मी पुन्हा सांगणार नाही."

तो कागद शोधायला आत पळाला.