तेनेचा गुलाम

तेने पारे ही बाई तोंडाची फटकळ, पण तिच्या हातच्या बेंग्याला तोड नाही. वागादुगूतल्या आमच्या नाक्यावर ती हा चवळी-भात विकते आणि शेजारी मी केळी तळते. ती सामो जमातीची. मोसी जमातीचा माणूस दिसला की तिची जीभ सुटलीच: "ए गुलामा, इकडे ये!" मोसीही काही कमी नाहीत, तिला कुत्रेखाऊ म्हणतात. सामो आणि मोसींची ही पिढीजात थट्टा, आणि तिचा राग धरायचा नाही.

नोंगमा तापसोबा मोसी. शिकत होता तेव्हापासून तेनेकडेच जेवायचा. पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला पंतप्रधान नेमलं, तरी येणं सुटलं नाही. गाड्या, शिपाई, सगळा लवाजमा घेऊन यायचा आणि तिच्या शिव्या खात बाकावर जेवायचा. शिपायांची तोंडं बघून मला हसू आवरायचं नाही.

मग आमच्या बाळंतघराची जागा मंत्रालयाच्या गाड्या उभ्या करायला द्यायचं ठरलं. दुसरं बाळंतघर पार शहराच्या त्या टोकाला, आणि तेनेच्या सुनेचे दिवस भरत आलेले. त्या दिवशी तेनेनं नोंगमाला ताटच दिलं नाही.

"आधी बोल. आमच्या पोरींनी काय रस्त्यावर बाळंत व्हायचं?"

"तेने, ते वरून ठरलंय. मी नेमलेला माणूस. ते सांगतात, मी करतो."

"अगं बाई! माझा गुलाम, आणि वर आणखी कुणाचा तरी गुलाम?" तेनेनं डाव आपटला. "कागदावर सही कुणाची लागते?"

"माझी."

"मग हात तर तुझाच ना?"

तो उपाशीच उठून गेला.

"एवढं लागेल असं कशाला बोलायचं गं?" मी म्हटलं.

"थट्टेत नाही बोलायचं, तर मग कधी बोलायचं?"

आठवडा गेला आणि वस्तीचा मुखिया धावत आला. पंतप्रधानांनी ती जागा बाळंतघराच्याच नावे करून टाकली होती, सहीशिक्क्यासकट! काय नाचलो आम्ही! माझी केळी करपली तरी मी नाचत होते. संध्याकाळी रेडिओवर राष्ट्राध्यक्षांचा हुकूम वाचून दाखवला: पंतप्रधान तापसोबा यांना पदावरून दूर करण्यात येत आहे. तेने मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "माझ्या जिभेनं घात केला गं त्याचा," म्हणाली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

सकाळी तो आला. चालत, एकटाच. नेहमी त्याच्या मागंपुढं करणारे नाक्यावरचे लोक आता दुसरीकडे बघायला लागले. मला असा संताप आला!

"कुत्रेखाऊ बाई," तो बाकाजवळ थांबून म्हणाला, "आता बसू का नको? मला तर काढलंय."

तेनेनं डोळे पुसले आणि ताट काठोकाठ भरलं.

"त्यांनी नेमलं, त्यांनी काढलं. माझा गुलाम म्हणून तुला कुणी नेमलं होतं रे? मग काढणार कोण? बस, जेव. आणि जाताना ताट धुऊन जा."