समतोलाचा धडा माझ्याकडे होता

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, ज्या सरांमुळे मी आज पदवीधर आहे त्यांच्यापाशी तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते — पण कुठून सुरू करू?

धरणगावच्या कॉलेजात आम्ही चौघी बारावी सायन्सला. क्लास कुणालाच परवडत नव्हता, म्हणून केमिस्ट्रीचे धडे वाटून घेतले होते. जिचा धडा तिने आधी सोडवायचा, मग बाकीच्यांना शिकवायचा. त्या धड्यात तिचा शब्द शेवटचा. रासायनिक समतोल माझ्याकडे होता.

चौघींतली सुषमा पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी. माझ्याहून हुशार — आणि हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मोल म्हणजे काय, हे मला तिनेच शेंगदाणे मांडून समजावलं होतं.

मग आमच्या केमिस्ट्रीच्या सरांच्या शब्दाखातर धुळ्याच्या एका क्लासने आमच्यातल्या एकीला फुकट शिकवायचं ठरवलं, राहण्या-जेवणासकट. एक परीक्षा, ती सरांनीच घ्यायची, आणि एकच जागा. ती हुकली तर माझं शिक्षण तिथेच थांबणार होतं, दादांनी, माझ्या वडिलांनी, तसं सांगून ठेवलं होतं. पण सुषमाच्या घरी तरी काय वेगळं होतं?

परीक्षेच्या दोन दिवस आधी तिने विचारलं — समतोलाच्या गणितात मोलांची वजाबाकी करताना स्थायू पदार्थही धरायचे का?

फक्त वायूच धरायचे. मला पाठ होतं.

मी म्हणाले, "सगळे धर."

संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली. "अक्का, मनं उत्तर जुळत नई. पुस्तकच चुकेल शे वाटस!" मी वयाने थोडी मोठी, म्हणून ती चिडवायला अक्का म्हणायची. "तुना धडा शे, तू सांगशी तेच खरं," म्हणत तिने छापलेलं उत्तर पेनाने खोडलं आणि चुकीचं लिहिलं. मी बघत होते. तेव्हा तरी तोंड का उघडलं नाही?

परीक्षेत तसली दोन गणितं आली. तेवढ्याच गुणांनी मी पुढे गेले.

सरांनी तिचा पेपर वर्गात दाखवला. "स्थायू धरायला कुणी सांगितलं तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच घोळ केला, सर." वर्ग हसला. मी — मीही थोडी हसले.

स्टँडकडे जाताना ती म्हणाली, "तुले बोलणं बसतं, म्हनीसन तुनं नाव नई लिधं. चुकस मानूस."

म्हणजे तिला ती माझी चूक वाटली होती. आणि मी काय केलं? "हो गं, गल्लतच झाली माझी," म्हणाले.

आठवड्याने मी धुळ्याला गेले. आपल्याला केमिस्ट्री जमत नाही असं ठरवून सुषमाने सायन्स सोडलं.

माझी गल्लत झाली नव्हती. मला उत्तर येत होतं.