डोंगरे सरांनी वाजवलेली वरात

आमच्या गावात कोणाकडे पाव्हणे आले की चहाबरोबर डोंगरे सरांचा एक किस्सा द्यावाच लागतो. चहात साखर कमी पडेल, किस्से पडत नाहीत. मी एक सांगून उठेपर्यंत सर दुसरा घडवून ठेवतात!

कळंबपासून आत आमचं गाव. सर इथलेच. वीस वर्षं परदेशात संगीत शिकवून परत आले. संगीत म्हणजे पेटी-तबला नाही हो! माइक घेऊन फिरायचं, मोटारपंप, चिमण्या, जातं, जे सापडेल ते भरून आणायचं, आणि कॉम्प्युटरवर त्याला ताणायचं, तोडायचं, उलटं करायचं. बाहेरदेशी मोठं नाव, गावात मोठा प्रश्न.

क्लास समाजमंदिराच्या खोलीत. ती खोली आमच्या बचत गटाला मिरची कांडपाच्या मशीनसाठी हवी होती. अध्यक्ष मी! समाजमंदिराच्या समितीचे वानखडे गुरुजी म्हणाले, "सरांनी एक कार्यक्रम करावा. लोक शेवटपर्यंत बसले तर खोली त्यांची. उठून गेले तर सुनंदाबाईची."

मी तर हळद-कुंकू न वाहताच मशीन बसवल्यात जमा धरली.

\* \* \*

माझी भाची प्रणाली सरांची विद्यार्थिनी. एकदा गृहपाठ मिळाला: कुकरजवळ बसा, डोळे मिटा, आवाजात काय काय बदलतं ते लिहा.

पोरगी बसली. चार पानं लिहिली. कोणत्या शिट्टीनंतर वाफ कशी कुजबुजते, सगळं लिहिलं. फक्त गॅस बंद करायचं कुठंच लिहिलं नाही!

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून सरांचा गृहपाठ खाल्ला. करपलेला.

\* \* \*

सलीमभाई गाड्या दुरुस्त करतात. तेही क्लासला जातात, काहून ते त्यांनाच माहीत. एकदा सरांनी अंधार करून पंधरा मिनिटं काहीतरी वाजवलं. घुर्रर्र, खट, घुर्रर्र, खट. मग विचारलं, "काय जाणवलं?"

प्रणाली म्हणाली, "एकटेपणा."

दुसरी म्हणाली, "जंगल."

सलीमभाई म्हणाले, "सर, स्कूटर उद्या घेऊन या. क्लच प्लेट गेली तुमची."

आवाज सरांच्याच स्कूटरचा होता! सरांनी मिठी मारली आणि सांगितलं, "असा कान मी परदेशातही पाहिला नाही." तेव्हापासून सलीमभाई गॅरेजात गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. नुसते डोळे मिटतात.

\* \* \*

सरांच्या माइकला वाऱ्यासाठी एक केसाळ टोपी असते. काठीवर ती लावून सर शेताकडे निघाले, तर ओट्यावरच्या गिरजाआजीनं हटकलं.

"काहो सर, मेलेलं मांजर काठीले बांधून कुठी चालले?"

"आजी, हे वारा अडवतं."

"मांजर?"

"हो हो," सर घाईत होते.

आठवड्यानं वावटळ सुटली. आजी सरांच्या दारात हजर! "सर, माहे टिनं उडून राह्यले. घडीभर ते मांजर द्या बरं."

\* \* \*

आमच्या जेठांच्या पोराचं लग्न होतं. डीजेवाल्यानं ऐन वेळी दगा दिला. कोणीतरी म्हणालं, "सरांकडे एवढे मोठाले स्पीकर हायेत ना!" सर खुशीनं तयार झाले. म्हणाले, "मी खास रचना करतो."

केली! वरात निघाली आणि स्पीकरातून विहिरीत बादली पडल्याचा आवाज सुरू झाला. ताणलेला. ती बादली काही पाण्याला लागेना! नाचायला कमरेला रुमाल बांधलेली पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. नवरदेवानं घोड्यावरून विचारलं, "मामा, काही झालं काय?"

पण एक सांगते. आमच्या घराण्यात मुहूर्तावर पोचलेली ती पहिली वरात! नाचायला एकही माणूस थांबला नाही.

\* \* \*

शेवटी तो कार्यक्रम झाला. संध्याकाळची वेळ. मी स्वतः सतरंज्या अंथरून दिल्या. उठणारे मोजायला सोपं जातं.

मधे लोक, भोवती आठ स्पीकर. स्टेज नाही. गुरुजी विचारतात, "पाव्हण्यांचा सत्कार कोणीकडे तोंड करून करायचा?" सर म्हणाले, "सत्कार नको. फक्त ऐका."

आधी कपाशीतला वारा. मग थेंब. मग दहा मिनिटं पंप. माणसं चुळबुळायला लागली. एक उठला. तीन उठले. मी मोजत होते. अकरा! दारात चपलांची शोधाशोध सुरू झाली. माझ्या मनात मशीनचं तोंड खिडकीकडे करावं की दाराकडे, एवढाच विचार उरला होता.

तेवढ्यात डावीकडच्या स्पीकरातून माझाच आवाज आला!

"बेबे! तुह्या मोरीचं पाणी माह्या आंगनात काहून सोडून राह्यली वं?"

बेबी माझी शेजारीण. हे भांडण गेल्या वर्षीचं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. सर त्या सकाळी म्हणे चिमण्या भरत होते!

बेबी समोरच बसली होती. ताडकन उठली. "अन् तुही बकरी माह्या वाळवणात तोंड घालते, ते नाही सांगत?"

मी ओरडले, "बेबे, मशीन बोलून राह्यली ते! मी नाही!"

"मशीन कायची? जीभ तर तुहीच हाय!"

आता यावर गप्प कोण बसेल? मीही पदर खोचला. डावीकडून स्पीकरातली मी, उजवीकडून उभी असलेली मी, मधे बेबी एकटी, पण हटायला तयार नाही. दारातले अकरा जण चपला हातात घेऊन परत आले. सतरंजीवर जागा पुरेना. कोणी फोन लावून घरच्यांना बोलावलं. गुरुजी सरकत सरकत पहिल्या रांगेत! सर डोळे मिटून बटणं फिरवत होते.

अर्ध्या तासानं स्पीकर थांबले. मग आम्ही. गुरुजी उठले, सतरंजीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "एकही माणूस गेला नाही. उलट वाढले. खोली सरांची."

टाळ्या पडल्या. मी सतरंजीची घडी घालत होते. बेबी तरातरा सरांपाशी गेली. मला वाटलं, आता सरांची पाळी.

"सर," ती म्हणाली, "हिचंच बोलणं भरलं, माहं काहून नाही भरलं? त्या दिवशी मी काय कमी बोलली होती?"