घरामागचं रान

बाबा मुंबईची नोकरी संपवून लांज्याजवळच्या आमच्या गावी कायमचे राहायला आले, ते १९९९ साल. मी तेव्हा रत्नागिरीत कॉलेजात होते, शनिवारी घरी यायचे.

घरामागच्या उतारावर आमचं रान होतं. ते तोडून हापूसची कलमं लावायची, असं बाबांनी ठरवलं. सोमवारी तोडणारी माणसं येणार होती. रविवारी सकाळी आई बाबांना म्हणाली, "तोडायच्या आधी एकदा माझ्याबरोबर चला."

"अगो, त्यात बघायचं काय? नुसती झाडंझुडपं."

"चला तर."

मीही निघाले. लांबून एकसारखं हिरवं दिसणारं रान आत शिरल्यावर निराळंच झालं. ऐन आणि किंजळ सरळ वर गेलेले, त्यांच्या सावलीत कोकमाचे रातांबे, खाली करवंदीच्या जाळ्या. शेजारशेजारची दोन झाडं एका जातीची क्वचितच. आई एका कुड्यापाशी थांबली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही लहान असताना जुलाबांनी गळून गेली होती. नदीला पूर, एस.टी. बंद. ह्याचीच साल उगाळून पाजली."

पुढे एक रातांबा होता. "सासूबाई गेल्या त्या वर्षी मी इथे येऊन रडायचे. घरात रडायला जागाच नव्हती."

"कधी कळवलं नाहीस ते?" बाबा म्हणाले.

"पत्रात काय काय लिहायचं? तुम्ही तिकडे होतात. मला हीच सोबत होती."

बाबांनी एका जाड बुंध्यावर हात ठेवला. "आणि हा कसला?"

"नाही ठाऊक. पण पावसात ह्याच्याखाली उभं राहिलं की फारसं भिजायला होत नाही."

सोमवारी माणसं आली, तेव्हा बाबा त्यांना वरच्या उघड्या कातळावर घेऊन गेले. तिथे सुरुंग लावून खड्डे केले, खालून माती वाहून नेली. तरी पहिल्याच उन्हाळ्यात बरीच कलमं वाळली. "रान तोडलं असतं तर..." असं बाबा एकदोनदा चिडून बोलले. उरलेली कलमं मात्र जगली.

पुढे एका फाल्गुनात बाबा रानातून लगबगीने आले आणि मागच्या दारातूनच ओरडले, "अगो, लवकर ये! एक झाड फांद्याफांद्यांवर निळंजांभळं झालंय."

"अंजनी ती," आई हात पुसत म्हणाली. "दरवर्षी फुलते."

"मी कुठे बघितली होती?"

आई चपला न घालताच त्यांच्यामागून गेली. मी चुलीवरची भाजी खाली उतरवली, आणि घरातच थांबले.