पांढरा चौकोन

तो कागद त्यांनी आष्ट्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणला होता. माझ्या हातचा कागद, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये, टीपॉयवर चहाच्या कपांशेजारी. तो बघितला आणि माझं डोकं सणकलं. आजही आठवलं की सणकतं. राग आधी त्यांच्यावर येतो, मग फिरून माझ्यावरच येऊन बसतो.

माझं काम काय, ते सांगते. एका घरात दोघातिघांना मानसिक आजार झालाय, अशी कुटुंबं आम्ही शोधतो. आजारी माणसांचं आणि त्यांच्या धडधाकट नातेवाइकांचंही रक्त घेतो, मेंदूचा एमआरआय काढतो. रक्तातल्या जनुकांचा, मेंदूतल्या फरकांचा आणि माणसाच्या वागण्याचा एकमेकांशी काय संबंध लागतो, ते तपासतो. माझी नोकरी बंगळूरला, पण मी मूळची साताऱ्याची, म्हणून सातारा-सांगलीकडची घरं माझ्या वाट्याला. मला भाषा येते, म्हणून माणसं माझ्याशी बोलतात. हे मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

आष्ट्याजवळचं हे घर ऊसवाल्यांचं. घरात म्हातारे आजोबा, त्यांचा थोरला मुलगा, त्याची लग्नाला आलेली मुलगी. धाकटा मुलगा वारलेला. त्याची बायको तिथंच राहायची. तिला मी वहिनी म्हणायचे. आजारी होता तो वहिनींचा मुलगा, चोवीस वर्षांचा. त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे. सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तो बराच सावरला होता. म्हशींना वैरण टाकायचा, डेअरीला दूध घालून यायचा.

पहिल्या भेटीत मी सोप्यात बसून त्यांची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि माणूस आजारी असेल तर आत काळं भरायचं. वहिनींच्या सासरची बाजू थोरल्यानं सांगितली. सगळी पांढरी. आजोबांना एक धाकटा भाऊ होता, त्याच्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, "त्ये मिलिटरीत हुते. तिकडंच गेले." आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो. या उत्तरावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही. चौकोन पांढरा ठेवला आणि त्यावर मृत्यूची तिरकी रेघ मारली.

मग वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माज्या भावाला बी असंच हुतं. आटपाडीला. आता न्हाई त्यो." भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "ह्ये सांगितल्यावर माज्या पोराला फायदा व्हईल का?"

"होईल की," मी म्हणाले. सरळ खोटं बोलले. फायदा झालाच, तर कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या पोराला होणार होता. पण मला तो काळा चौकोन हवा होता. तो मी भरला, आणि वंशावळीची एक प्रत वहिनींच्या हातात दिली. लोकांची माहिती लोकांकडं असली पाहिजे, हे माझं तत्त्व. त्या घरात वहिनींना स्वतःचं, कुलूप लागेल असं एकही कपाट नाही, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. तत्त्वं सांभाळणाऱ्या माणसाचं बाकी कशाकडं लक्ष नसतं.

पुढच्या महिन्यात एमआरआयसाठी सगळ्यांना सांगलीला नेलं. धडधाकट नातेवाईक म्हणून आजोबाही आले होते. आत जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. आजोबांनी अंगठी काढली, करदोडा काढला, आणि काचेतून त्या यंत्राकडं बघत बसले.

"बाई, ह्यात मानसाच्या मनातलं समदं दिसतं का वो?"

नाही म्हणायला मी तोंड उघडणार, तोवर ते बोलायला लागले होते. भाऊ मिलिटरीत गेलाच नव्हता. डोकं फिरलं म्हणून त्याला मळ्यातल्या खोपीत ठेवला होता. नऊ वर्षं. पायात साखळी घालून. तिथंच तो मेला. यंत्रात हे दिसणारच, तर आपणच आधी सांगितलेलं बरं, असं म्हाताऱ्याला वाटलं असणार. डोळे पुसत म्हणाले, "लिवू नगा. म्या सांगितलं, ह्ये घरात कुनाला सांगू नगा."

मी शब्द दिला. तसा आमचा नियमच आहे. एका माणसानं सांगितलेलं दुसऱ्याला, अगदी घरच्यालाही, सांगायचं नाही. चौकोन पांढराच राहिला.

त्यानंतर चार महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "आवं, एकदा येऊन जावा," एवढंच म्हणाल्या. मी गेले, तर सोप्यात थोरला आणि आजोबा, आणि टीपॉयवर तो लॅमिनेशन केलेला कागद. थोरल्याच्या मुलीला बघायला म्हसवडकडचे पाहुणे रविवारी यायचे होते. घरात आजारी पोरगा आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"पाव्हण्यांना दाखवाय ठेवलंय," थोरला म्हणाला. "रोग आमच्या रक्तात न्हाई. हिच्या म्हायेरचा हाय. तुमीच लिवलंय न्हवं? आता ही पोराला घिऊन आटपाडीला जाईल. कायमची."

आटपाडीचं घर कुलूप लावून पडलेलं. तिथून महिन्याच्या महिन्याला सांगलीच्या डॉक्टरांकडं पोराला कोण आणणार? गोळ्या सुटणार, तो पुन्हा बिघडणार. हे थोरल्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला आड येणारं माणूस रविवारच्या आत घरातून हलवायचं होतं, बस्स.

मी तडकले. हा आजार एकट्या माहेरचा नसतो म्हणाले. शेकडो बारीक गोष्टी आईकडून येतात, बापाकडून येतात, शिवाय नशीब असतं, दुःखं असतात. पांढरा चौकोन म्हणजे माणूस बरा होता असं नव्हे, मला कुणी काही सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"मग सांगा की," थोरला म्हणाला. "आमच्यात कोन हाय?"

मी आजोबांकडं बघितलं. ते कपातल्या चहाकडं बघत होते. "आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?" मी विचारलं. "न्हाई," ते म्हणाले. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा, थोरल्याचा आणि माझ्या नियमाचा मला इतका संताप आला की कान तापले. आणि तरी मी तोंड मिटून बसले.

वहिनी दारातून पुढं आल्या. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या पांढऱ्या चौकोनावर टेकवलं.

"ह्यो मिलिटरीत नव्हता. लगीन हून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं मळ्यात ह्याचं ताट मी न्हेत हुते. मरस्तवर. ह्यो कोरी भाकरी खायचा न्हाई, दूध लागायचं. साखळीच्या जखमंला हळद बी मीच लावलीया. आता म्हना, माज्या म्हायेरचं."

त्या चौकोन भरायला लागल्या. प्लॅस्टिकवर पेन उठेना. तरी त्या गिरवत राहिल्या. थोरल्यानं तो कागद ओढून घेतला नाही. आजोबांनी मान वर केली नाही. आटपाडीचं नाव त्या दिवशी पुन्हा कुणी काढलं नाही.

वहिनी मला गाडीपर्यंत सोडायला आल्या.

"तुमाला ठावं हुतं न्हवं?" त्यांनी विचारलं. "सांगलीला मामंजी डोळं पुसत हुते, म्या बघितलं."

मी मान हलवली.

"मग गप का बसला?"

"नियम आहे, वहिनी. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात बी त्योच नियम हुता."